चित्रगुप्ताची मोजणी

राजणपूरच्या महापालिकेत केतकी नरवाडे हे नाव शिपायापासून आयुक्तांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं, आणि ते कुणी कौतुकाने घेत नव्हतं. 'सायकलवाल्या बाई आल्या' असा निरोप आत गेला की आतले साहेब ताबडतोब मीटिंगमध्ये असत. केतकी बाहेरच्या बाकावर बसून राही. मुलींच्या हायस्कूलात गणित शिकवणाऱ्या बाईला वाट बघायची सवय असते. समोरच्याच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत थांबायचं, हाच तर तिचा धंदा.

तिचं मागणं काही जगावेगळं नव्हतं. गावातून औद्योगिक वसाहतीकडे जाणारा जो वसाहत रोड, त्याच्या कडेने एक बुजलेला कालवा होता. एकेकाळी त्यातून उसाला पाणी जायचं, आता त्यात घाणेरीची झुडपं माजली होती. त्या पट्ट्यावर सायकलींसाठी वेगळा रस्ता करा, एवढंच ती कित्येक वर्षं म्हणत होती. रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला तिची शाळा, पलीकडे कपडे शिवणारे कारखाने. शाळेतल्या मुली आणि कारखान्यातल्या बायका, सगळ्याच सायकलवर. आणि त्यांच्या शेजारून जायचे विजेवर चालणारे कंटेनर. पूर्वीचे ट्रक निदान धडधडत यायचे, माणूस आधीच बाजूला व्हायचा. हे नवे मांजराच्या पावलांनी येत. कानाला काही कळायच्या आत अंगाला वारा लागे.

"बाई, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतंय," स्थायी समितीचे सभापती विलासतात्या डोंगरे दर वेळी म्हणत. तात्यांना सगळ्यांचंच शंभर टक्के पटे. "पण सायकलवाली माणसं हायत कुठं? सभागृहात मला विचारत्यात, ह्यात मतं किती? माणसं दाखवा, मी उद्या नारळ फोडतो."

त्या इमारतीत तात्यांपेक्षा वेगळी भाषा बोलणारा एकच जण होता, तो म्हणजे चित्रगुप्त.

हे काही त्याचं सरकारी नाव नव्हे. कागदोपत्री तो 'मार्गप्रज्ञा'. राज्यातल्या सगळ्या शहरांत ही यंत्रणा नुकतीच बसली होती. पण जे यंत्र माणसं मरायच्या आधीच त्यांची गणती करून ठेवतं, त्याला लोक दुसरं काय म्हणणार?

त्यामागचं शास्त्र केतकीला मनापासून आवडलं होतं. वर्गात मुलींना ती ते पुराच्या उदाहरणाने सांगे. शंभर वर्षांतून एकदा येणारा महापूर किती उंच असेल, हे सांगायला शंभर वर्षं घाटावर बसून राहावं लागत नाही. दरवर्षीच्या लहानमोठ्या पुरांच्या खुणा नीट मोजल्या, तर त्यांच्यावरूनच न आलेल्या पुराची उंची काढता येते. रस्त्याचंही तसंच. मृत्यू क्वचित होतात, पण थोडक्यात वाचणं रोज होतं. खांबांवरचे कॅमेरे प्रत्येक वाहनाची जागा आणि वेग सेकंदाला कितीतरी वेळा टिपत, आणि यंत्र हिशेब करी: ही सायकल आणि हा कंटेनर, दोघांनी वेग आणि दिशा बदललीच नसती, तर किती वेळात धडकले असते? तीन सेकंद म्हणजे किरकोळ. एक सेकंद म्हणजे छातीत धस्स. अर्धा सेकंद म्हणजे यम हात लावून गेला. अशा हजारो निसटत्या क्षणांवरून यंत्र त्या रस्त्याचा वर्षाचा आकडा काढी. त्या आकड्याचं नाव 'अपेक्षित मृत्यू'.

पूर्वी रस्ता सुधारायचा तर आधी माणसं मरावी लागत. मग मोर्चा, मग चौकशी, मग एक गतिरोधक. आता सरकारने नियमच केला होता, की ज्या रस्त्यावर सायकलस्वारांचा अपेक्षित मृत्यू पाचाच्या वर, तिथे राज्याच्या निधीतून वेगळा मार्ग. सभागृहाला विचारायचं कारण नाही. कुणी मरण्याआधीच रस्ता शहाणा होणार होता. केतकीला वाटलं होतं, जन्मात एकदा तरी सरकारची दृष्ट काढावी असं काही घडलं.

वसाहत रोडचा आकडा आला होता चार पूर्णांक सहा.

"पाच ओलांडू द्या, मॅडम," शहर अभियंता हेमंत बोरगावे तिला म्हणाले. वयाने तिच्याहून लहान, सरळ माणूस; त्या इमारतीत तिला खुर्ची देणारा एकटाच. "मग मला कुणाच्या सहीची वाट बघावी लागणार नाही. दिवाळीनंतर पुन्हा महिनाभर मोजणी आहे."

आता यानंतर केतकीने जे केलं, ते राजणपुरात कुणीही केलं असतं. आपल्याकडे काहीही मागायचं तर माणसं जमवायची, हे बाळकडूच आहे. पाणी हवं, माणसं जमवा. पूल हवा, माणसं जमवा. गणिताची बाई झाली तरी तीही याच मातीतली. तिने विचार केला, मोजणी आहे ना, मग मोजायला माणसं नकोत का? तात्यांनाही दिसतील आणि चित्रगुप्तालाही.

माणसं जमवायचं काम हर्षदाने अंगावर घेतलं. हर्षदा म्हणजे केतकीची नणंद, तिच्या नवऱ्याची, प्रमोदची, धाकटी बहीण. सासर कायमचं सोडून आली तेव्हा ती महिनाभर खोलीबाहेर पडली नव्हती. केतकीने तिला ओढत शाळेच्या मैदानावर नेलं आणि तिशी उलटलेल्या त्या बाईला सायकल शिकवली. पहिल्यांदा पडली तेव्हा हर्षदा रडली, दुसऱ्यांदा हसली, आणि त्यानंतर तिला घरात बसवणं कुणाला जमलं नाही. आता ती कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती. नणंद-भावजयीचं गूळपीठ बघून प्रमोद म्हणायचा, माझ्याच घरात मी घरजावई झालोय.

"वहिनी, तू तुझी आकडेमोड कर," हर्षदा म्हणाली. "बायका मी आणते."

आणि तिने खरोखरच आणल्या. सकाळच्या पाळीच्या वेळी चौकात सायकलींचा हा घोळका जमे. पुढे हर्षदाची मैत्रीण सुवर्णा, गळ्यात शिट्टी अडकवून. मागे कारखान्यातल्या बायका, त्यांच्यामागे शाळेच्या मुली, आणि सगळ्यात शेवटी केतकी. पहिल्या दिवशी तात्या पांढरेशुभ्र कपडे घालून हजर झाले आणि फोटो निघेपर्यंत सायकलवर राहिले. पण बायका त्यानंतरही रोज आल्या. अर्धा रस्ता त्या व्यापून टाकत. गप्पा चालत, कुणी सासूची नक्कल करी, कुणी गाणं म्हणे, आणि मागे कंटेनर मुकाट्याने रांग लावून सरपटत येत. त्या महिन्यात वसाहत रोडवर एकाही बाईचा जीव वरखाली झाला नाही. केतकीला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मोजणी संपली, आणि बोरगाव्यांनी तिला बोलावून घेतलं.

"शून्य पूर्णांक आठ," ते म्हणाले.

केतकीला वाटलं, यंत्रात काहीतरी बिघाड झालाय.

"बिघाड नाही, मॅडम. तुम्ही घोळक्याने गेलात. एवढ्या सायकली एकत्र दिसल्या की कंटेनर लांबूनच वेग कमी करतात, मग चालवणारा ड्रायव्हर असो की त्यांच्यातलं यंत्र. एकटी सायकल कडेला असली तर ते तसेच घासून पुढे जातात. घोळक्याला घासून जाता येत नाही. म्हणजे निसटते क्षण झालेच नाहीत. झाले नाहीत तर यंत्र मोजणार काय?"

 हे केतकीला कळायला हवं होतं. दहावीच्या पोरीने अशी चूक केली असती, तर तिने तिला फळ्यापाशी उभं केलं असतं.

"पण हे खोटं आहे ना," ती म्हणाली. "रस्ता आहे तसाच आहे."

"खोटं कसं म्हणू? त्या महिन्यापुरतं ते खरंच आहे." बोरगाव्यांनी आवाज खाली आणला. "पुढची मोजणी शिमग्यानंतर. तीही अशीच गेली, तर कालव्याचा पट्टा ट्रकतळाला द्यायचा ठराव तयार आहे. मग तिथे सायकलीचा विषयच उरणार नाही."

बाहेर तात्या भेटले. "माणसं झकास जमवली, बाई. मी तर हरखलोच. पण आता चित्रगुप्तच म्हणतोय धोका न्हाई, तिथं मी पामर काय बोलणार?"

घरी येईपर्यंत केतकीच्या डोक्यात उत्तर तयार झालं होतं. ते इतकं सोपं होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली. दोन दिवस तिने ते कुणाला सांगितलं नाही. रविवारी दुपारी तिघं मिळून हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "काही वेगळं करायचं नाही. फक्त एकत्र जायचं नाही. पूर्वी जात होता तसं एकेकटीने जायचं. आणि कंटेनर सुटायची वेळ असते ना, ती टाळायची नाही. पाच होऊन जातील."

"पाच काय?" प्रमोदने विचारलं.

"आकडा."

"कशाचा आकडा, तेही सांग की."

केतकीने हातातला घाटा सोलला. हर्षदाच मध्ये पडली. "दादा, तुझं गणित पहिल्यापासून कच्चं. अरे, आधी एकटीच जात होते ना मी? मेले का? महिनाभराचा प्रश्न, पुढे जन्माचा रस्ता होतोय."

"तू हिच्या नादाला लागून एक दिवस..." प्रमोद बोलता बोलता थांबला. वाईट बोलायचं नाही, अशी त्याला आईची शिकवण होती.

कारखान्यातल्या बायकांना सांगायला केतकी स्वतः गेली. सुवर्णाच्या घरापुढच्या अंगणात सगळ्या जमल्या. केतकीने पुराचं उदाहरण दिलं, निसटते क्षण समजावून सांगितले. बायकांना ते चांगलं कळलं. रोज त्याच तर त्यातून जात होत्या.

"आन् तुमच्या शाळंच्या पोरी?" सुवर्णाने विचारलं.

"त्यांना महिनाभर बसने यायला सांगितलंय."

 मग सुवर्णा म्हणाली, "म्हंजे पोरींना बस आन् आम्हास्नी कंटेनर."

 हर्षदा हसत पुढे झाली. "सुवर्णे, पोरी लहान आहेत गं. आणि मी आहे की तुमच्याबरोबर, मी काय बसने चाललेय का?" बायका तयार झाल्या त्या हर्षदाकडे बघून, केतकीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. परत येताना केतकीला लाज वाटत होती. पण लाज वाटली म्हणून तिने बेत बदलला नाही, हेही खरंच.

शिमगा झाला, मोजणी सुरू झाली. बोरगाव्यांच्या फोनवर रोजचा आकडा येई, तो ते संध्याकाळी केतकीला कळवत. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक चार. केतकीचं सगळं चित्त त्या फोनमध्ये अडकलं. वर्गात शिकवताना ती खिडकीतून वसाहत रोडकडे बघे. एखादी सायकल कंटेनरच्या अगदी कडेने गेली की आधी हातातला खडू थांबे, आणि त्याच्यामागोमाग, नको नको म्हणताना, बरं वाटे. हे बरं वाटणं तिने स्वतःपासूनही लपवून ठेवलं.

एका संध्याकाळी हर्षदा घरात आली ती भिंत धरून. ओढणी अर्धी फाटली होती, कोपर खरचटलं होतं. प्रमोद टीव्हीसमोर होता, तो उठून उभा राहिला.

"गेलेच होते आज," हर्षदा म्हणाली.  "आवाज नाही, काही नाही. ओढणी ओढली गेली तेव्हा कळलं. ती फाटली म्हणून..."

"कोणत्या खांबापाशी?" केतकीच्या तोंडून निघून गेलं. "कॅमेऱ्यात आलं असेल ना?"

हर्षदा तिच्याकडे बघत राहिली. प्रमोदही बघत राहिला.

"आलं असेल, वहिनी," हर्षदा म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

केतकी हळद घेऊन तिच्यामागे धावली. कोपरावर हळद लावताना तिला रडू आवरेना. "माझं डोकं ठिकाणावर नाही गं. मी माणूस राहिले नाही."

"असू दे. रस्ता झाला की मला पहिल्यांदा जाऊ दे त्याच्यावरून. तात्यांच्या आधी." हर्षदाने तिचे डोळे पुसले. "वाढला का आकडा?"

"वाढला."

त्या दोघी हसल्या. बाहेर प्रमोदने टीव्ही बंद केला.

महिन्याअखेर आकडा आला पाच पूर्णांक दोन. बोरगाव्यांनी सांगितल्याप्रमाणे कुणाच्या सहीची वाट बघावी लागली नाही. नियमाने मंजुरी आपोआप निघाली. तात्यांनी ती स्वतःच आणल्याचा फलक चौकात लावला. शाळेत पेढे वाटले गेले. हर्षदाने कारखान्यातल्या बायकांना नेऊन पेढे दिले. फक्त एक बारीकसा नियम उरला होता: काम सुरू करण्याआधी पंधरा दिवसांची पडताळणी, तीही दर दिवसाचा आकडा वेगळा धरून.

"आकडा पाचाखाली गेला तर मंजुरी रद्द होते," बोरगावे म्हणाले. "एवढे पंधरा दिवस निभावून न्या, मॅडम."

"वहिनी, आता परत सगळ्या मिळून जायचं का?" हर्षदाने त्याच आठवड्यात विचारलं. "सुवर्णा रोज डोकं खाते माझं. आणि खरं सांगू, मलाही आता भीती वाटायला लागलीय."

हर्षदाला भीती वाटते, हे केतकीने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ते तिने ऐकलं, तिला ते कळलंही. तरी ती म्हणाली, "थोडेच दिवस. पडताळणी होऊ दे. मग कायमच्याच मिळून जा."

"बरं," हर्षदा म्हणाली.

पडताळणीच्या चौथ्या दिवशी केतकी नववीच्या वर्गावर होती. मुख्याध्यापिका स्वतः दारात आल्या, तेव्हाच तिने खडू खाली ठेवला. हर्षदाला धडकला तो कंटेनर नव्हता, पाण्याचा साधा टँकर होता, आणि चालवणाऱ्याने ब्रेक लावला होता. तिला दवाखान्यापर्यंत नेलं, पण ते नुसतं न्यायचं म्हणून. प्रमोद केतकीच्या आधी तिथे पोहोचला होता.  त्याने तिला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि पुन्हा बहिणीजवळ जाऊन उभा राहिला.

नंतरच्या आठवड्यात वसाहत रोडवरच्या सायकली एकेक करत नाहीशा झाल्या. कुणाच्या नवऱ्याने सायकलला कुलूप घातलं, कुणाच्या सासूने शपथ घातली. कारखान्यांनी बस लावल्या आणि त्याची बातमीही छापून आणली. शाळेतल्या मुली बसनेच येत राहिल्या. लांबच्या वाडीवरून येणाऱ्या, जिथे बस जात नव्हती, त्या दोघीतिघी यायच्या बंद झाल्या.

पडताळणीचा शेवटचा आकडा सांगायला बोरगावे घरी आले. दारातच उभे राहिले, चपला काढल्या नाहीत.

"शून्य," ते म्हणाले.

"ती गेली, तरी?" केतकीने विचारलं.

"यंत्र घडलेले मृत्यू धरत नाही, मॅडम. एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही असं त्याचं... असं ते बनवलंय. ते फक्त निसटते क्षण मोजतं. आणि रस्त्यावर सायकलच उरली नाही, तर..."

"तर मरणार कोण," केतकीने त्यांचं वाक्य पुरं केलं.

बोरगाव्यांचे डोळे भरून आले होते. "मी वर लिहून पाठवलंय. यंत्राला न येणाऱ्या सायकलीही मोजता आल्या पाहिजेत, असं लिहिलंय."

"काय उत्तर आलं?"

"सूचनेची नोंद घेतली आहे."

तेरावं झाल्यावर तात्या येऊन गेले. माणूस दुष्ट नव्हता. डोळ्यांत पाणी आणून बसला होता. राजणपूरला त्या वर्षी 'शून्य अपेक्षित मृत्यू'चा राज्याचा पुरस्कार मिळणार होता, आणि तो बाईंच्या हस्ते स्वीकारावा, अशी सर्वांची इच्छा होती. "आन् आणखी एक मनात हाय," तात्या म्हणाले. "कालव्याच्या पट्ट्यावर ट्रकतळ होतोय. त्याला हर्षदाताईंचं नाव द्यावं म्हणतो. गावाच्या कायमचं ध्यानात राहील."

केतकीने प्रमोदकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तो तिच्याशी जेवणाखाणापलीकडे बोलला नव्हता. रागावला असता तर तिला सोसलं असतं.

"मला काय विचारता," प्रमोद तात्यांना म्हणाला. "हिला विचारा. कुठं काय झालं, कोणत्या खांबापाशी झालं, सगळं हिलाच ठाऊक असतं."

तो उठून आत गेला. तात्या गोंधळून चहा तसाच ठेवून निघून गेले. 

केतकीला बोरगाव्यांचं घोळक्याच्या मोजणीनंतरचं बोलणं आठवत होतं. त्या महिन्यापुरतं ते खरंच आहे, असं ते म्हणाले होते. यंत्र तेव्हा खोटं बोललं नव्हतं. एकत्र गेलात तर मरणार नाही, एवढं स्वच्छ त्याने सांगितलं होतं, आणि ते ऐकून तिने कपाळाला हात लावला होता. जी गोष्ट मिळवण्यासाठी तिने एवढी वर्षं महापालिकेचे उंबरे झिजवले, ती त्या महिन्यात तिला मिळालेली होती. ना सिमेंट, ना मंजुरी, नुसत्या बायका आणि एक शिट्टी. ती तिनेच मोडून टाकली होती, आणि तेही कशासाठी, तर ती मिळावी म्हणून. केतकीला हे गणित पुन्हा पुन्हा करावंसं वाटे आणि दर वेळी उत्तर तेच येई.

काही आठवड्यांनी ती सुवर्णाच्या घरी गेली. सुवर्णा दारात बसून मेथी निवडत होती. बाईंना बघून ती उठली नाही, पण बसायला चटई सरकवली. अंगणात सायकल दिसत नव्हती.

"भंगारवाल्याला दिली," केतकीची नजर बघून सुवर्णा म्हणाली. "काय, परत मोजणी आली काय?"

"नाही. मोजणी नाही आता. तिथे ट्रकतळ होतोय."

"मग?"

केतकीने वाटेत शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे ती विसरली. "आपण परत सगळ्या मिळून जाऊ या का, सुवर्णाताई? तेव्हासारखं, पाळीच्या वेळेला. रस्त्यासाठी नाही. कुणाला दाखवायला नाही. नुसतं मिळून जायचं आणि मिळून यायचं. सायकल मी बघते तुमच्यासाठी. मीही येईन रोज."

सुवर्णाने मेथीची जुडी सोडली, काड्या बाजूला केल्या, पानं टोपलीत टाकली. तिला घाई नव्हती.

"मी हेच म्हणत हुते की हर्षीला," ती म्हणाली. "रोज म्हणत हुते. ती म्हणायची, थांब, वैनी सांगतील तवा."

केतकीने एक जुडी पुढ्यात ओढली.

"आता कुणी यायचं न्हाई," सुवर्णा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एवढंच तुम्ही तवा म्हणाला असता बाई, तर आम्ही जन्मभर गेलो असतो."